ताईच्या चेहऱ्याच्या एकेचाळीस प्रती, आणि मूळ

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, धंदा प्लास्टरचा (अलीकडे लोक कलाकार म्हणतात, मी अडवत नाही), घरात, गल्लीत आणि आता कलादालनातही 'खोड्या' या नावाने ओळखला जाणारा, आज मंगळवारी सकाळी चहा पिऊन, डोकं जागेवर ठेवून हे लिहितोय. मानगुटीवर कोणी बसलेलं नाही. दारू घेतलेली नाही. माझ्यामागे काय कोणाला द्यायचं आणि काय कोणाला सांगायचं ते यात आहे. याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही. एक मुलाखत मात्र आहे. ती कलम पाचमध्ये रद्द केली आहे.

हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही. वेगळं सांगावं लागतंय, कारण ज्याने प्लास्टरची बिस्किटं करून पाहुण्यांच्या बशीत ठेवली त्याचा कागद कोण खरा मानणार?

कारण असं की परवा माझं ऑपरेशन आहे. नाकात मांस वाढलंय. वर्षभर जास्त करून तोंडानेच श्वास घेतोय. डॉक्टर म्हणाल्या, अर्ध्या तासाचं काम, पण पूर्ण भूल द्यावी लागेल. मामाला मी सांगितलं की मृत्युपत्र करतोय, तर तो पोट धरून हसला. "नाकासाठी मृत्युपत्र? केस कापायला जाताना काय करतोस मग?" मामा, हस. पण सहावं कलम गाळून वाचू नकोस.

कलम १. बँकेत जे असेल ते आईचं. खोलीतलं सामान आईचं. कपाटाचं दार उघडताना वरून जो हात पडतो तो प्लास्टरचा आहे, आई, घाबरू नकोस. तो मी घरमालकासाठी ठेवला होता.

कलम २. हत्यारं. लहान-मोठ्या पट्ट्या, दोन घमेली, तीन चाळण्या, रबर ओतायचा डबा, हे सगळं मामाचं. तसंही त्याच्याच गोदामातून एकेक करून आणलेलं आहे, तेव्हा हे देणं नाही, परत करणं आहे. शाळेने मला सोडलं तेव्हा मामाने हाताशी धरलं. तो छतांचं काम करतो. दिवाणखान्यात झुंबराभोवती प्लास्टरचं फूल असतं ना, ते. माझा सगळा अभ्यास त्या फुलावर झाला. मामाने दोनच गोष्टी शिकवल्या. पाण्यात प्लास्टर टाकायचं, प्लास्टरवर पाणी नाही. आणि एका रबराच्या साच्यातून चाळीसेक फुलं निघतात, पुढे पाकळ्यांच्या कडा पुसट व्हायला लागतात, मग तो साचा फेकायचा. पहिली गोष्ट मी पाळली.

कलम ३. शाळेतले चित्रकलेचे सर अजून असतील तर त्यांना माझा डावा कान द्यावा. म्हणजे प्लास्टरचा. सर मला म्हणाले होते, "तुझ्या हाताला वळण नाही, एका कानाने ऐकतोस आणि दुसऱ्याने सोडतोस." हा सोडायचा आहे. राग नाही, सर. तेव्हा थोडा होता.

कलम ४. ज्या समीक्षकाने माझ्या प्रदर्शनावर लिहिलं की "या मिटल्या डोळ्यांत मरणापलीकडची परम शांती आहे", त्यांना काहीही देऊ नये. त्यांनी हा कागद मागितला तर दाखवावा. मी कात्रण जपून ठेवलंय. ते वाचलं की मला दोन दिवस जेवण जात नाही.

कलम ५. मुलाखत रद्द करण्याबाबत.

मागच्या वर्षी कलादालनाच्या मॅडमनी आम्हा तिघांना लोकांसमोर खुर्च्यांवर बसवलं. मी, एक काच वितळवणारा आणि एक दोऱ्यांची जाळी विणणारी. विषय होता, कलाकार कुठून येतो आणि काम कसं करतो. काचवाला म्हणाला, लहानपणी घरामागे नदी होती, तिच्यातला उजेड तो अजून शोधतोय. जाळीवाली म्हणाली, तिची आजी आंधळी होती आणि बोटांनी माणसं ओळखायची. छान बोलले दोघं. लोक माना डोलवत होते. मग मॅडम माझ्याकडे वळल्या.

"तुमची पार्श्वभूमी काय?"

मी मागे वळून बघितलं आणि म्हटलं, "भिंत."

लोक हसले. लोक हसले की मला आवरतच नाही. पुढचं सगळं मग त्या हसण्याच्या जोरावर बोललो.

"हा चेहरा कोणाचा?" "माझ्या बहिणीचा. ती गेली." हे खरं होतं.

"तिच्या चेहऱ्यावर हा भाव कसा आला?" मी म्हटलं, "ती साच्याखाली पडल्या पडल्या झोपली. स्वप्नात काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात प्लास्टरने ऐकून घेतलं." सभागृहात कोणीतरी "वा" केलं. पहिल्या रांगेत आई होती. आईने पदर तोंडाला लावला आणि हसली. ताई गेल्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

"आणि एकेचाळीस प्रतीच का?" मी म्हटलं, "साचा थकला, मी नाही."

ही तिन्ही उत्तरं मी या कागदाने मागे घेतो. खरी उत्तरं पुढे आहेत. त्या दिवसापासून आई येईल त्याला मुखवटा दाखवते. "बघा, झोपेत बोलतेय माझी पोर." मूळ मुखवटा, साच्यातून निघालेला पहिला, तिच्याकडे शिलाई मशीनच्या वर खिळ्याला आहे. रोज सकाळी ती रंगाच्या मऊ ब्रशने त्याची धूळ झटकते. भुवया आधी, मग गाल, ओठ शेवटी.

कलम ६. ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी घड्या करायची. तिला दमा होता. हे मला माहीत होतं. लहानपणापासून घरात तिचा पंप सापडेना की शोधायचं काम माझंच. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की पोराला कल्पना नव्हती.

मला माणसाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा होता. फुलं करून कंटाळा आला होता. कोणी तयार होईना, माझ्या हातात चेहरा द्यायला कोण तयार होणार? ताई झाली. एका रविवारी दुपारी मामाच्या गोदामात आली, टेबलावर आडवी झाली आणि म्हणाली, "एक अट. काहीही करायचं नाही."

"काय करणार मी?"

"तू विचारतोयस तिथेच मला शंका येते. शपथ घे."

"आईशप्पथ."

"नीट घे."

"आईची शपथ, काहीही करणार नाही."

दातवाले माप घ्यायला गुलाबी पावडर वापरतात, ती पाण्यात कालवली की पिठल्यासारखी होते आणि चार-पाच मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. हा मसाला चेहऱ्यावर थापायचा, वरून हाडं बसवणाऱ्यांच्या प्लास्टरच्या पट्ट्या. डोळे, तोंड बंद. नाकपुड्यांत दोन नळ्या, शीतपेयाच्या असतात त्या. श्वास त्यातून. बोलता येत नाही, म्हणून खुणा ठरवायच्या. अंगठा वर म्हणजे ठीक. मूठ म्हणजे काढ.

तिने अंगठा वर केला. नळ्यांतून बारीक शीळ येत होती. आत, बाहेर. आत, बाहेर. मी बघत होतो. मसाला अजून ओला होता. आणि मी माझे दोन्ही अंगठे दोन्ही नळ्यांवर ठेवले.

का, ते मला विचारू नका. माझं स्वतःला विचारून झालंय. फक्त दोन आकडे मोजायचे होते. एक, दोन. बिस्किटांसारखंच वाटलं होतं.

दोन म्हणायच्या आत तिच्या भुवया वर गेल्या. तोंड उघडलं, हवा ओढायला, आणि हवेच्या जागी मसाला आत गेला. नाक मी बंद केलं होतं आणि तोंड मसाल्याने. तिच्याकडे कुठलाच रस्ता नव्हता. मूठ वळली. मी अंगठे काढले. नळ्यांतून असा आवाज आला की गोदामातलं कबूतर उडालं.

मी म्हटलं, "काढू? ताई, काढू?" ती उठून बसली असती तर सगळा साचा गेला असता. ती उठली नाही. तिने अंगठा वर केला. मसाला फुकट जाऊ नये म्हणून. आणि पुढची पाच मिनिटं माझे दोन्ही अंगठे तिने आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवले.

चेहरा तसाच राहिला, तसाच घट्ट झाला. मूळ मुखवट्यात वरच्या ओठाच्या आतली बाजू आली आहे. बोट लावून बघा. तोंड मिटून झोपलेल्या माणसाच्या साच्यात ती येऊच शकत नाही. ती शांती नाही. ती झोप नाही. माझी बहीण श्वास मागत होती, आणि तो माझ्या अंगठ्यांखाली होता.

आठ महिन्यांनी ती धुलाईघरात जेवणाच्या सुट्टीत गेली. दम्याने. पंप दुसऱ्या पिशवीत राहिला होता. त्यात माझा हात नव्हता, हे डॉक्टरांनी, मामाने, सगळ्यांनी सांगितलंय. मी त्यांना काही विचारलं नव्हतं.

आई, हे तुला मी गेल्यावर कळावं असं ठरवलंय. जिवंतपणी सांगायचं धाडस झालं नाही. तुझ्या खिळ्यावरची झोप मला काढून घेता आली नाही.

कलम ७. एकेचाळीस प्रतींबाबत.

ती गेल्यावर मी मुखवट्यावरून साचा केला. हातात मामाचं फुलांचं रबर होतं, तेच वापरलं. चेहऱ्याला ते चालत नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. मूळ आईला दिलं आणि साच्यात पहिली प्रत ओतली.

आता, प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. प्रत्येक कामगाराला माहीत आहे, त्यात काही नवल नाही. फुलं करताना आम्ही थंडीत त्यावर हात शेकायचो. पण साच्यावर हात ठेवला आणि ताईचा गाल गरम लागला. तापात असायचा तसा. वीस मिनिटं राहतो, मग उतरतो, मग गार.

दुसऱ्या दिवशी मी दुसरी ओतली. मॅडमना वाटलं मी मालिका करतोय. मी वीस-वीस मिनिटं गोळा करत होतो. अठराव्या वेळी घाई झाली, गरम असतानाच साचा सोडला आणि ओठांसमोर तळहात धरला. वाफ लागली. ओलं प्लास्टर तापलं की वाफ येणारच. मी हात काढला नाही.

आणि प्रत्येक वेळी साच्यातून थोडी ताई गेली. भुवयांचे केस विसावीपर्यंत. हनुवटीवरचा तीळ सत्ताविसावीपर्यंत. ओठाची आतली बाजू तेहेतिसावीनंतर नाही. एकेचाळिसावी कोणाचीही बहीण असू शकते. मॅडमना तीच सगळ्यात आवडते. म्हणतात, इथे तुम्ही व्यक्तीच्या पलीकडे गेलात. मॅडम, मी तिला झिजवून टाकलं. तुम्ही चांगल्या आहात, पण हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं.

तेव्हापासून मी गोदामात एकटा बसत नाही. शीळ ऐकू येते. बारीक, नळीतली. आत, बाहेर. डॉक्टर म्हणाल्या, तुमचंच नाक वाजतंय, मांस वाढल्यावर वाजतं. असेल. पण ती आली की मी आधी भिंतीवरच्या चेहऱ्यांकडे बघतो, कुठली आहे ते शोधायला, आणि मग नाकाला हात लावतो. एकदा आवाज थांबावा म्हणून श्वास धरून बसलो. थांबला. मग मला तो परत यावा असं वाटायला लागलं.

तर, प्रती पहिली ते तेहेतीस मामाने फोडाव्यात, आणि तुकडे भरतीला वापरावेत. चौतीस ते एकेचाळीस मॅडमनी ठेवाव्यात. पाटीवर "झोपेच्या आत" लिहिलंय ते काढावं. काय लिहायचं ते मला सुचलेलं नाही.

कलम ८. रबराचा साचा आईला. त्यातून आता जे निघेल त्याला डोळे, नाक, तोंड असेल एवढंच. पण गरम होईल. पाण्यात प्लास्टर, आई. प्लास्टरवर पाणी नाही.

कलम ९. माझ्या चेहऱ्याचा साचा कोणीही घेऊ नये. मॅडम, तुम्ही विशेष करून.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मामाने करावी.

पुरवणी. त्याच दिवशी, संध्याकाळी पाच वाजता.

वरचा कागद साक्षीसाठी मामाकडे नेला. साक्षीदाराने फक्त सही होताना बघायची असते, वाचायचं नसतं, हे टायपिंगवाल्याने सांगितलं होतं. मामाने चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला बसला. बिस्किटांपाशी हसला. सहावं कलम दोनदा वाचलं. वाचून झाल्यावर पेन टोपणात घातलं.

"सही नाही करणार."

"का?"

"मी तो ओठ पहिल्याच दिवशी बघितला. तीस वर्षं साचे काढतोय, आत काय गेलं आणि कसं गेलं ते मला कळत नाही होय? म्हटलं, सांगेल कधीतरी पोरगं. आणि तू सांगतोयस कोणाला? मेल्यावर सांगतोयस. आईने रागवायचं कोणावर मग? फोटोवर?"

"मामा, ती त्या चेहऱ्यावर जगतेय."

"जा," मामा म्हणाला. "ती घरी आहे. मी इथे बसतो. परत आलास की सही करतो, आणि नाही आलास तरी करतो, पण मग मला तोंड दाखवू नकोस."

गेलो. आई मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती. मी दारातच सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्या, जसं लिहिलंय तसंच, शपथेसकट. मशीन थांबलं होतं. आईने माझ्याकडे बघितलं नाही. उठली, खिळ्यावरून मुखवटा काढला, मांडीवर घेतला आणि वरच्या ओठाखाली अंगठा घातला.

"हे?"

"हो."

"शपथ माझी घेतली होतीस."

"हो."

ती अंगठा तिथेच ठेवून बसली. मला वाटलं, आता ती मला बाहेर काढेल. काढलं असतं तर बरं वाटलं असतं. मग तिने विचारलं,

"मग?"

"मग काय?"

"साचा काढल्यावर. ती उठली असेल ना. काय केलं तिने?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी स्वतःलाही नाही. मी दोन आकड्यांच्या पुढे कधी गेलोच नव्हतो.

सांगितलं. म्हटलं, साचा सुटल्या सुटल्या तिने शिवी दिली.

"कुठली?"

सांगितली.

"ती माझी," आई म्हणाली. "माझ्याकडून उचलली. पुढे?"

पुढे तिने हात धुवायची बादली उचलून माझ्या डोक्यावर ओतली. मग फावडं घेऊन मागे लागली. नळ्या अजून नाकातच होत्या. मी टेबलाभोवती, ती माझ्यामागे, नळ्या हलतायत, केसांत गुलाबी गोळे. मामाचं एक अख्खं फूल पायाखाली फुटलं. शेवटी धाप लागली तशी जमिनीवर बसली आणि इतकी हसली की पंप लागला. मीच शोधून दिला. दोन झटके घेतले आणि म्हणाली, "चल, आता तुझी पाळी. झोप टेबलावर."

"झोपलास?"

"पळालो."

"भित्रा मेला," आई म्हणाली. मग म्हणाली, "परत सांग. ती गोदामात आली तिथपासून."

परत सांगितलं. तिसऱ्यांदा नळ्यांपाशी आई हसली, आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून खूप रडली. चौथ्यांदा विचारलं, ताईने कुठला ड्रेस घातला होता. निळा. ही दुपार तिला माहीतच नव्हती. दोन वर्षं तिच्याकडे पोरीचं नवं असं काही आलंच नव्हतं.

माफ केलंय का, असं मी विचारलं. "ते मी बघेन," ती म्हणाली. "घाई करू नकोस."

पाचव्या वेळी तीच सांगायला लागली आणि मी ऐकत बसलो. बादली, फावडं, नळ्या, सगळं बरोबर. फक्त तिच्या सांगण्यात मी पळालो नाही. तिच्या सांगण्यात ताईने मला दारात गाठलं, कानाला धरून परत आणलं आणि चांगला चोप दिला.

मी दुरुस्त केलं नाही.

तरी सहावं कलम अंमलात आलं असं समजावं. बाकी कलमं आहेत तशी.

सही: खोड्या

साक्षीदार एक: मामा, छताचं काम. सगळं वाचून सही केली.

साक्षीदार दोन: शेजारची शिवणवाली काकू. सही होताना पाहिली. वाचलं नाही, चष्मा घरी राहिला.

ठिकाण: मामाच्या गोदामातली मागची खोली.
दिनांक: मंगळवार, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी.